ताशी सत्तर, मुक्काम मोशी

महामार्गाची वेगमर्यादा म्हणजे वाहनाने ज्याच्या पुढे जाऊ नये असा, सरकारने ठरवलेला ताशी किलोमीटरांचा आकडा. पांढऱ्या गोलावर, लाल कडेच्या आत तो काळ्या अंकांनी रंगवतात. हा आकडा वाढवावा की आहे तसाच ठेवावा, हा वाद जगात शंभराहून अधिक वर्षे चालू आहे. महाराष्ट्रातही तो अनेक ठिकाणी चालतो; पण पुणे-नाशिक महामार्गावर मोशीच्या आसपास तो ज्या तळमळीने चालतो, तितक्या तळमळीने क्वचितच कुठे चालत असेल. आहे ती मर्यादाच गाठायला मिळत नसल्यामुळे इथे हा प्रश्न शुद्ध तात्त्विक पातळीवर राहिला आहे, आणि तात्त्विक वादाला चहा नेहमीच जास्त लागतो.

मोशी भोसरीच्या पुढे आणि इंद्रायणीच्या अलीकडे आहे. एके काळचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५० आणि आताचा ६० गावातूनच जातो. देहू-आळंदी रस्ता त्याला इथेच छेदतो. १९९७ साली गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले; शेतांचे प्लॉट झाले, प्लॉटांच्या सोसायट्या झाल्या आणि सोसायट्यांना पार्किंग कमी पडू लागले. नदीपलीकडे चिंबळी, कुरुळी, आळंदी फाटा असे करत रस्ता चाकणला पोहोचतो. म्हणजे एका अंगाला भोसरीची एमआयडीसी, दुसऱ्या अंगाला चाकणची, आणि डाव्या-उजव्या हाताला दोन तीर्थक्षेत्रे. कामगार, कंटेनर आणि वारकरी या तिघांनाही हाच रस्ता लागतो. तिघांच्या वेगाच्या कल्पना निरनिराळ्या आहेत, आणि ठरल्या वेळी मुक्कामी पोहोचण्याची खात्री त्यांच्यापैकी फक्त वारकऱ्याला देता येते.

कायद्याचे आधी पाहू. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्ये वाहनांच्या कमाल वेगाचा एक तक्ता जाहीर केला. चालक सोडून आठपर्यंत आसने असलेल्या मोटारीला द्रुतगती मार्गावर १२०, दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर १०० आणि महापालिका-नगरपालिकांच्या हद्दीत ७०. मालवाहू गाड्यांना पहिल्या दोन्ही ठिकाणी ८० आणि पालिकेच्या हद्दीत ६०. दुचाकीला चौपदरीवर ८०, हद्दीत ६०. रिक्षा बिचारी चौपदरी असो की गल्ली, ५० वरच. एखाद्या ठिकाणच्या पाटीवर याहून कमी आकडा असेल तर तिथे पाटी खरी. आता या तक्त्याचा काटेकोर अर्थ लावला, तर मोशीत ताशी ७० ने आलेली मोटार इंद्रायणीचा पूल ओलांडून महापालिकेच्या हद्दीबाहेर पडताच ताशी १०० ची हक्कदार होते. नुसत्या नदी ओलांडण्याबद्दल ताशी ३० किलोमीटर बक्षीस! इंद्रायणीचे माहात्म्य संतांनी पुष्कळ वर्णिले आहे, पण हा लाभ त्यांच्याही ध्यानात आला नसावा. प्रत्यक्षात पुलावरचा मोटारवाला पहिल्या गिअरमध्ये अर्धा क्लच दाबून पुढच्या टेम्पोच्या मागे रंगवलेला ‘८०’ वाचत बसलेला असतो.

तक्त्याचे पुढे काय झाले तेही नोंदवायला हवे. २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने २०१८ ची ही अधिसूचना रद्द ठरवली. इंजिने सुधारली, रस्ते सुधारले, तेव्हा वेग वाढवायला हरकत नाही, हे कारण न्यायालयाला पटले नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी द्रुतगती मार्गांवरची मर्यादा १४० करावी असे आपले वैयक्तिक मत असल्याचे सांगितले. या मार्गांना दोन्ही बाजूंनी अशी कुंपणे आहेत की कुत्रेसुद्धा रस्त्यावर येऊ शकत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. मोशीच्या दुभाजकावर मात्र कुत्री कायम वास्तव्यास असतात. दोन्ही दिशांचा अंदाज घेतल्याशिवाय ती रस्ता ओलांडत नाहीत; या बाबतीत ती मोबाइलवर बोलत निघालेल्या माणसांपेक्षा पुष्कळच सरस आहेत. एकाच वर्षात एक अधिकारी वाणी ‘कमी करा’ म्हणाली आणि दुसरी ‘वाढवा’ म्हणाली, तरी भोसरी ते चाकण या पट्ट्यात सरासरी वेगावर दोहोंचा काडीइतका परिणाम दिसला नाही, ही गोष्ट अभ्यासकांनी लक्षात घेण्याजोगी आहे.

यंत्रावर चालणाऱ्या वाहनांच्या वेगमर्यादेचा जन्म ब्रिटनमध्ये झाला. १८६५ च्या कायद्याने यांत्रिक वाहनांना गावाबाहेर ताशी ४ मैल आणि गावात ताशी २ मैल एवढी मर्यादा घालून दिली. शिवाय वाहनाच्या पुढे एका माणसाने लाल निशाण घेऊन पायी चालावे, अशी अट होती. २ मैल म्हणजे सव्वातीन किलोमीटर. आजोबांची सकाळची चाल. जानेवारी १८९६ मध्ये केंट परगण्यात वॉल्टर अर्नोल्ड नावाच्या गृहस्थाने गावातून ताशी ८ मैल, म्हणजे जवळजवळ १३ किलोमीटर वेगाने मोटार हाकली. पोलिसाने सायकलवरून पाठलाग करून त्याला गाठले आणि त्याला एक शिलिंग दंड झाला. वेगाबद्दल शिक्षा झालेला जगातला हा पहिला मोटारवाला मानला जातो. त्याच वर्षी मर्यादा ताशी १४ मैलांवर नेण्यात आली, आणि तेव्हापासून ‘अजून थोडी वाढवा’ हे पालुपद सुरू झाले ते आजतागायत थांबलेले नाही. १९३० साली ब्रिटनने मोटारींवरची मर्यादा काढूनच टाकली. माणसे मरू लागली तेव्हा १९३५ मध्ये वस्तीपुरती ताशी ३० मैलांची मर्यादा परत आणली.

लाल निशाणाचा कायदा ब्रिटनने एकोणिसाव्या शतकातच मोडीत काढला. मोशीत तो चालू आहे. चाळीस फुटी ट्रेलरला दुभाजकाच्या खिंडीतून वळून परत चाकणच्या दिशेला लागायचे असले, की आधी डावीकडचे दार उघडते आणि क्लीनर खाली उडी मारतो. खांद्यावरचा टॉवेल हातात येतो. तो लाल असेलच असे नाही. भोसरीकडून येणाऱ्या मोटारींसमोर तो तळहात धरतो, ‘मी गरीब आहे पण माझ्या मागे पंचवीस टन आहेत’ अशा नजरेने. दुसऱ्या हाताने तो केबिनच्या पत्र्यावर थाप मारतो. “येऊ दे, येऊ दे... अजून काट मार... येऊ दे... बास बास बास!” ट्रेलरचे तोंड नाशिककडे आणि शेपूट पुण्याकडे अशा अवस्थेत दोन्ही बाजूंची वाहतूक काही काळ समाधिस्थ होते. तेवढ्यात ट्रेलरचे पुढचे चाक आणि दुभाजक यांच्यामध्ये जी दीड हाताची फट राहते तिच्यातून तीन दुचाक्या, त्यांतली एक गॅस सिलिंडरसह, पलीकडे जातात. क्लीनर त्यांच्याकडे बघतही नाही. तो चालतो त्या गतीने ट्रेलर चालतो आणि ट्रेलरच्या गतीने महामार्ग. १८६५ च्या इंग्रज खासदारांनी हे दृश्य पाहिले असते तर त्यांना भरून आले असते.

या ट्रेलरवर काय लादलेले असते, हाही चर्चेचा विषय आहे. चाकण परिसरात बजाज, महिंद्रा, फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने आहेत. स्पीडोमीटरवर दोनशेच्या पुढचे आकडे असलेल्या गाड्या इथे बनतात आणि कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडतात त्या कार-कॅरिअरच्या पाठीवर, हातपाय बांधून, चालण्याच्या वेगाने. देशातल्या वेगवान मोटारींपैकी कितीतरींचा जगाशी पहिला परिचय असा होतो. भोसरीत नाशिक फाट्याजवळ केंद्रीय मार्ग परिवहन संस्था आहे. १९६७ पासून ती रस्ते वाहतुकीचा अभ्यास करते. खुद्द मोशीत पिंपरी-चिंचवडचे आरटीओ कार्यालय आहे, म्हणजे एमएच १४ चा जन्मदाखला इथलाच. वाहन बनवणारे, तपासणारे, त्याला नंबर देणारे आणि ते चालवण्याचा परवाना देणारे सगळे पंचवीस-तीस किलोमीटरांच्या आत नांदतात. ते चालवायला जागा तेवढी हवी आहे.

वादाच्या बाजू किती आहेत ते ठरवणे अवघड आहे, कारण एकच माणूस दिवसातून तीनदा बाजू बदलतो. मोटारीत बसलेला असताना तो मर्यादा वाढवण्याच्या बाजूचा असतो. मोटार लावून भाजी घ्यायला रस्ता ओलांडू लागला की ती निम्म्यावर आणावी असे त्याला वाटते. घरी पोहोचून मुलगा दुचाकीची चावी मागतो तेव्हा तो दुचाक्यांना मर्यादा नव्हे, बंदीच घालावी या मताचा होतो. आरटीओबाहेरच्या टपऱ्यांवर मात्र मते पक्की असतात. आकडा वाढवा म्हणणाऱ्यांचे बोलणे बहुधा असे असते: गाडीला एअरबॅग आहेत, एबीएस आहे, रस्ता आपल्या पैशाचा आहे, आणि जर्मनीत तर मर्यादाच नाही. यातले जर्मनीचे पुरते खरे नाही. तिथल्या ऑटोबानच्या काही भागांवर सक्तीची मर्यादा नाही, पण १३० हा सल्ल्याचा वेग आहे, बऱ्याच भागांवर पाट्याही आहेत, आणि सर्वत्र मर्यादा आणावी की नाही यावर तिथेही वर्षानुवर्षे भांडण चालू आहे. शिवाय ऑटोबानवर समोरून उलट्या दिशेने कडबा घेऊन येणारा ट्रॅक्टर गृहीत धरावा लागत नाही.

ट्रेलर आणि टेम्पोवाले या वादात पडत नाहीत. ऑक्टोबर २०१५ पासून बनलेल्या बहुतेक वाहतूक परवान्याच्या गाड्यांना वेगनियंत्रक सक्तीचा आहे आणि तो ८० ला गाडीचा गळा धरतो. त्यांना आकडा वाढला काय नि घटला काय. त्यांची तक्रार पंक्चर, डिझेल आणि शहरात शिरण्याच्या वेळा यांच्याबद्दल असते. कंपनीच्या बसचा ड्रायव्हर गप्प असतो, कारण मागे चाळीस माणसे झोपलेली आहेत आणि उशीर झाला तर पंचिंग त्यांचे जाते, त्याचे नाही. दुचाकीवरचा कामगार हा या रस्त्यावरचा एकमेव माणूस, जो खरोखर कुठेतरी पोहोचतो. पण त्याला बोलायला वेळ नसतो. एसटीचा चालक दोन मिनिटे बोलतो. त्याच्या मते रस्ता सोडला तर बाकी सगळे ठीक आहे. रस्त्याच्या अल्याड घर आणि पल्याड दुकान असलेल्या मूळ मोशीकराला कुणी विचारत नाही. विचारले तर तो महामार्ग गावात आला की गाव महामार्गात, इथून सुरुवात करतो आणि मग चहा दुसऱ्यांदा सांगावा लागतो. वेग वाढवण्याच्या बाजूने एक स्थानिक युक्तिवाद मात्र कुठल्याच अहवालात आलेला नाही: वारा मोशीच्या कचरा डेपोकडून असेल त्या दिवशी प्रत्येकाला मर्यादा अपुरी वाटते.

आता गणिताकडे. गणित हे या वादातले सर्वांत दुर्लक्षित अंग आहे. नाशिक फाटा ते चाकण साधारण वीस किलोमीटर धरू. ताशी ७० ने हे अंतर सतरा मिनिटांत कापले जाते, ताशी १०० ने बारा मिनिटांत. फायदा पाच मिनिटांचा. ही पाच मिनिटे चाकणच्या तळेगाव चौकातल्या एकाच सिग्नलला व्याजासकट परत करावी लागतात. लांबच्या पल्ल्यावर हिशेब जरा बरा दिसतो. नाशिकपर्यंतचे दोनशे किलोमीटर ८० ऐवजी १०० ने सलग तोडले तर अर्धा तास वाचतो. पण मराठी माणूस आळेफाट्याला थांबल्याशिवाय नाशिकला जात नाही, आणि मिसळ, तिच्यावर चहा, चहावर पान, आणि ‘चला आता निघू’ असे म्हणून पुन्हा मांडलेली गप्पांची बैठक यांत अर्धा तास हा किमान दर आहे. म्हणजे वेगमर्यादा वाढवून वाचलेला वेळ मिसळीला जातो. हा उपयोग वाईट आहे असे कुणी म्हणणार नाही. पण त्यासाठी किती मोजावे लागते ते पाहिले पाहिजे.

गाडीची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ७० चे १०० झाले की वेग दीडपटही होत नाही, पण धडकेतली ऊर्जा दुप्पट होते. ब्रेक दाबल्यावर गाडी थांबेपर्यंत जाणारे अंतरही असेच वाढते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांत, चालकाला धोका दिसल्यापासून गाडी पूर्ण थांबेपर्यंतचे अंतर ताशी ६० ला ८० मीटर, ८० ला १२० मीटर आणि १०० ला १८० मीटर धरले आहे. चालकाने ब्रेकवर पाय ठेवेपर्यंतचे अडीच सेकंद त्यात मोजलेले आहेत. मोशीचा चालक हॉर्न मात्र पाव सेकंदात दाबतो; पण हॉर्नने थांबण्याचे अंतर कमी होत नाही, ही गोष्ट अजून सर्वदूर पोहोचलेली नाही.

मीटरांत सांगितले की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर काही उमटत नाही, म्हणून मोशीत हा हिशेब गुंठ्यांत सांगावा. रस्त्याची एक लेन साडेतीन मीटर रुंद असते. ताशी ६० ने जाणाऱ्या मोटारीला पुढे ८० मीटर मोकळे हवेत, म्हणजे २८० चौरस मीटर, म्हणजे पावणेतीन गुंठे. ताशी १०० ने जायचे तर ६३० चौरस मीटर, सव्वासहा गुंठे. आता महामार्गाला लागून, रोड टच, सव्वासहा गुंठे एकट्या माणसाला मोशीत कोण सोडणार? चालकाने मनाचा मोठेपणा दाखवून पुढे ऐंशी मीटर मोकळे ठेवलेच, तर पहिल्या पाच सेकंदांत त्यात एक रिक्षा शिरते, मग छोटा हत्ती, मग दोन दुचाक्या, आणि शेवटी एक मोटार डाव्या बाजूने इंडिकेटर न देता येऊन उरलेला कोपरा दाबते. सातबारा कोरा असला तरी ताबा महत्त्वाचा, हा तालुक्यातला जुना नियम रस्त्यावरही लागू आहे.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते आणि ती मर्यादा वाढवा म्हणणाऱ्यांना सहसा आवडत नाही. सगळ्यांनी पुस्तकातले अंतर पाळले, तर एका लेनमधून तासाला किती मोटारी जातील? मोटारीची लांबी पाच मीटर धरली तर ताशी १०० ला साडेपाचशेच्या आत, ताशी ६० ला सातशेच्या आसपास, आणि ताशी ३० ला साडेआठशेच्या वर. म्हणजे रस्ता जास्तीत जास्त लोकांच्या कामी येतो तो वेग पाटीवरच्या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी आहे. प्रत्यक्षात माणसे एवढे अंतर ठेवत नाहीत म्हणून खरे आकडे वेगळे येतात; पण ती ठेवत नाहीत म्हणूनच पुढे जे व्हायचे ते होते.

जे होते त्याचे आकडे हसण्यासारखे नाहीत. रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यावर मेली, आणि त्यांतले सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या खात्यावर नोंदवलेले आहेत. पंचनाम्यात अतिवेग हा रकाना सोयीचा असतो हे खरे. रस्त्याचे वळण, न लागलेला दिवा, कडेला पार्किंग लाइट न लावता उभा असलेला कंटेनर, दुभाजकाची तुटलेली जागा यांना आरोपी करता येत नाही, चालकाला करता येते. तरीही वेग निर्दोष सुटत नाही. स्वीडनचे संशोधक योरान निल्सन यांनी मांडलेल्या सूत्राप्रमाणे रस्त्यावरचा सरासरी वेग पाच टक्क्यांनी वाढला की मृत्यू साधारण वीस टक्क्यांनी वाढतात. मोशीच्या रस्त्याला हे सूत्र रात्री लागू पडते. संध्याकाळी जो रस्ता कुणाला तिसऱ्या गिअरमध्ये जाऊ देत नाही, तोच रात्री दीडनंतर मोकळा होतो आणि दिवसभराची थकबाकी वसूल करायला माणसे निघतात. वेगमर्यादेची पाटी खऱ्या अर्थाने तेव्हाच कामावर असते, आणि नेमकी तेव्हाच ती कुणी वाचत नाही. दिवसा सगळे वाचतात, कारण दुसरे काही करण्यासारखे नसते.

मर्यादा पाळून घेण्याची साधने तीन: गतिरोधक, कॅमेरा आणि दंड. गतिरोधकाचेही मानक आहे. १७ मीटर त्रिज्येचा गोलावा, ३.७ मीटर रुंदी, १० सेंटिमीटर उंची. त्यावरून ताशी २५ ने गाडी न आपटता जावी. गावोगावचे गतिरोधक उंचीत हे मानक पाळतात, अनेकदा ओलांडतातही, पण रुंदीत काटकसर करतात, त्यामुळे त्यांच्यावरून गाडी जाते आणि पाठीचा कणा मागे राहतो. राष्ट्रीय महामार्गावर गतिरोधक नसावेत असे मंत्रालयाचे धोरण आहे. पावसाळ्यात ती उणीव खड्डे भरून काढतात. कॅमेऱ्यांचे मोठे काम मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर झाले. तिथे जुलै २०२४ पासून कॅमेऱ्यांची स्वयंचलित यंत्रणा ई-चलने काढते. अशा मार्गांवर कॅमेऱ्याच्या कमानीआधी सगळ्या गाड्या अचानक सुसंस्कृत होतात आणि कमान मागे पडली की मूळ स्वभावावर जातात. दंडाबद्दल सांगायचे तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ मध्ये, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, हलक्या वाहनाला एक ते दोन हजार रुपये लिहिलेले आहेत. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणी आपले चलन टाकले, की पाटीवर काय लिहिले होते यापेक्षा लोकअदालतीत किती सूट मिळते यावर जास्त संदेश येतात.

महाराष्ट्रात मर्यादा वाढवण्याच्या वादाला खरा जोर आला तो समृद्धी महामार्गामुळे. नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला आणि ५ जून २०२५ ला इगतपुरी-आमणे हा शेवटचा टप्पा खुला होऊन ७०१ किलोमीटरांचा रस्ता पुरा झाला. सपाट भागात त्याची आखणी ताशी १५० ला धरून केलेली आहे, आणि पाटी आहे १२० ची. मग मधले ३० कुणाचे, असा सवाल अनेक मोटारमालक करतात. आखणीचा वेग म्हणजे वळणे, चढ-उतार आणि दृष्टिअंतर यांसाठी अभियंत्याने धरलेली सुरक्षिततेची शिल्लक. ती उचल करून खर्चायची रक्कम नव्हे. पण बँकेत शिल्लक दिसली की घरात बेत सुरू होतात, तसेच इथेही झाले. त्या सरळसोट रस्त्यावर निराळाच धोका निघाला: काहीच घडत नसल्यामुळे चालकाला डुलकी लागते. मोशीच्या रस्त्याचा हा एक गुण मान्य करावा लागेल. इथे डुलकी लागणे अशक्य आहे.

अमेरिकेत मोंटाना राज्याने १९९५ नंतर काही वर्षे दिवसापुरता आकडाच ठेवला नव्हता. वेग ‘वाजवी आणि शहाणपणाचा’ असावा, एवढेच कायद्यात होते. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये ही तरतूद संदिग्ध ठरवली आणि १९९९ मध्ये आकडा परत आला. मोशीत हा प्रयोग करण्याची गरज नाही. इथे प्रत्येक चालकाचा स्वतःचा वेग वाजवी असतो, त्याच्यापेक्षा हळू जाणारा ‘नवशिका’ आणि जोरात जाणारा ‘मरणार’ असतो, आणि हे वर्गीकरण सर्वांना मान्य आहे.

या परिसरात वेगमर्यादा लागू न झालेले वाहन इतिहासात एकच सांगितले जाते. चांगदेव वाघावर बसून आले तेव्हा ज्ञानदेवादी भावंडे बसल्या जागची भिंत चालवत त्यांना सामोरी गेली, अशी आख्यायिका आहे, आणि ती भिंत आळंदीत आजही दाखवतात. भिंतीचा वेग कुणी नोंदवलेला नाही. ती वेळेवर पोहोचली, एवढे मात्र सगळे सांगतात. रस्त्यात कंटेनर नव्हते.

सरकारने या वादावर काढलेला तोडगा आकडा वाढवण्याचा नाही, मजला वाढवण्याचा आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाच्या आर्थिक व्यवहार समितीने २ ऑगस्ट २०२४ रोजी नाशिक फाटा ते खेड असा ३० किलोमीटरांचा आठपदरी उन्नत मार्ग मंजूर केला. खर्च ७,८२७ कोटी रुपये. मंजुरीची बातमी आली त्याच दिवसापासून वरच्या मजल्यावर मर्यादा १०० असावी की १२०, दुचाकींना वर प्रवेश असावा की मुंबई-पुणे द्रुतगती मार्गासारखी बंदी, आणि टोल किती, यांवर मते तयार आहेत. खाली उतरल्यावर तळेगाव चौकाचे काय, हा प्रश्न विचारणाऱ्याकडे रसभंग करणारा म्हणून पाहिले जाते.

एक तरतूद मात्र दोन्ही पक्षांच्या नजरेतून सुटली आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ११२ राज्य सरकारला कमाल वेगाबरोबर किमान वेग ठरवण्याचाही अधिकार देते. तो वापरून पुणे-नाशिक महामार्गावर ताशी २० ची किमान मर्यादा लावली, तर संध्याकाळी पाच ते आठ या वेळात भोसरीपासून चाकणपर्यंतचे दुचाकी सोडून जवळजवळ प्रत्येक वाहन दंडास पात्र ठरेल. वसुली भरघोस होईल. अडचण एवढीच की चलने काढायला निघालेली पोलिसांची जीपही त्याच रांगेत उभी असेल, आणि कॅमेरा नंबरपाटी वाचतो, दिवा बघत नाही.